बादियालींची तोंडं

आमच्या पिएवे वाल्बोनात जमीन वाटतात ती तोंडं मोजून. खाणारी तोंडं. दर वीस वर्षांनी, सान मार्तिनोच्या दिवशी, म्हणजे अकरा नोव्हेंबरला, गावची सामाईक जमीन नव्यानं वाटली जाते आणि ती मिळते फक्त अठरा आडनावांना. सहाशे वर्षांपूर्वी मठवाल्यांनी ही सगळी दलदल ज्या अठरा जणांना ‘उपसा आणि खा’ म्हणून देऊन टाकली, त्यांच्या मुलग्यांना आणि मुलग्यांच्या मुलग्यांना. आडनाव बापाकडून आलेलं हवं आणि वाटणीच्या वर्षी माणसाची चूल गावात पेटलेली हवी. बाकी तो भिकारी असो नाहीतर बोलोन्यात दातांचा डॉक्टर असो, कुणी विचारत नाही. बायकांची तोंडं मोजत नाहीत. त्यावर माझी बायको मफाल्दा काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी लेआर्को. धंद्यानं भूमापक, आणि गेली एकतीस वर्षं या वाटणी मंडळाचा चिटणीस. माझं स्वतःचं आडनाव त्या अठरांत नाही, म्हणूनच तर मला चिटणीस केलं. मी फितीनं मोजतो, दोनदा मोजतो आणि मगच लिहितो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकलं की लोक विचारतात, “लेआर्को, त्या दिवशी किती झाली होती?” दोन ग्लास. तेही जेवणाबरोबर.

त्या अठरांतलं एक आडनाव बादियाली. ‘बादिले’ म्हणजे फावडं, त्यावरून पडलेलं. यांचा मूळपुरुष चर खणणारा होता एवढंच आम्हाला ठाऊक, कारण चौदाशे सतरा सालच्या चामड्याच्या दस्तऐवजावर त्यानं सहीच्या जागी फावडं काढलंय. एक उभी रेघ, खाली त्रिकोण, आणि रेघेला वर एक आडवा फराटा. लिहिता येत नव्हतं बिचाऱ्याला.

नेरिओ बादियाली माझा शाळेपासूनचा मित्र. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बांधाजवळ घर, मधमाश्या पाळतो. आता त्याचं दुखणं सांगतो. त्याच्या आजोबांचा जन्म मोठ्या पुरानंतर दहा महिन्यांनी झाला आणि पणजोबा त्या सगळ्या काळात ब्राझीलला मजुरीवर होते. बस्स, एवढंच. पण गावाला एवढं पुरतं. त्या आजोबांना लोकांनी ‘ओंडका’ म्हणायला सुरुवात केली, पुरात वाहून आलेला म्हणून. मग त्यांचा मुलगा ओंडका, मग नेरिओ ओंडका. शाळेत मास्तर हजेरीला ‘ओंडका’ म्हणून मोकळे व्हायचे. नेरिओ हसायचा. सगळ्यांच्या आधी हसायचा, म्हणजे दुसऱ्यांचं हसणं कमी ऐकू येतं.

वाटणीच्या दिवशी प्रत्येक आडनावातला सगळ्यांत वयस्क माणूस अनवाणी जमिनीवर उभा राहतो आणि आपल्या घराण्याची तोंडं किती ते ओरडून सांगतो. तो सांगेल तेच मी लिहायचं. हा मान. बादियालींचा मान आजवर साउरोच्या वडिलांकडे होता, पण ते त्या वर्षी मार्चमध्ये शहाण्णव वर्षांचे होऊन गेले आणि मान आला नेरिओकडे.

“आमच्या नावानं ओंडका ओरडणार?” साउरो म्हणाला. साउरो म्हणजे गावचा खाटीक, सहासष्ट वर्षांचा, गळा मोठा, मन वाईट नाही. हसत हसतच म्हणाला. पण दोनदा म्हणाला.

नेरिओनं हातातला पत्ता टेबलावर ठेवला. आम्ही चौकातल्या बारमध्ये पत्ते खेळत होतो.

“ती विद्यापीठाची डॉक्टरीण येणारच आहे ना थुंकी घ्यायला,” तो म्हणाला. “होऊन जाऊ दे. मी बादियाली निघालो नाही तर मी उभा राहणार नाही. तूच राहा.”

“अरे, मी गंमत केली,” साउरो म्हणाला.

“मी नाही केली.”

त्यानं पत्ते पुन्हा उचलले. मला फार वाईट वाटलं. शंभर वर्षं जी गोष्ट कुणी तपासली नव्हती ती आता काचेच्या नळीत जाणार होती.

ती डॉक्टरीण म्हणजे तोस्का लांदीनी, चाळिशीची, हुशार बाई. एका आडनावाची माणसं खरोखर एका बापाची असतात का, हा तिच्या अभ्यासाचा विषय. थुंकीत सापडणारी एक खूण बापाकडून मुलग्याकडे जशीच्या तशी उतरत जाते म्हणे, आणि अधूनमधून, कैक पिढ्यांतून एकदा, तिच्यात एखादा बारीक बदल होतो. बदल मोजले की दोन माणसांमध्ये किती पिढ्यांचं अंतर आहे ते कळतं. मला हे एकदम पटलं. फितीनं मोजण्यातलाच प्रकार आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी साउरोच्या अंगणात तुतीच्या झाडाखाली बादियालींचं जेवण ठेवलं. माझ्या यादीत बारा पुरुष होते. त्यांत गावात कायम राहणारे सात. बाकी पाच जण वाटणीपुरती चूल पेटवायला आलेले: बेल्जियमच्या खाणीत गेलेल्या आजोबांचे तीन नातू, आणि तूरीनचे दोघं. त्यांच्या बायका, मुली, सासवा धरून पन्नासेक माणसं जमली. मफाल्दा स्वयंपाकाला होती. कोंबडीच्या रश्श्यातल्या, मांसाचं सारण भरलेल्या तोर्तेल्लीनी, मग डुकराचं भाजलेलं मांस, मक्याची पोलेंता, टोमॅटो, आणि फेसाळती लांब्रुस्को वाईन. ऊन छान होतं. इतकी मजा मी त्या अंगणात कधीच पाहिली नव्हती. बेल्जियमवाल्यांना बोली येत नव्हती आणि त्यांच्या चुकांवर म्हाताऱ्या हसून हसून एप्रननं डोळे पुसत होत्या.

तो माणूस नेरिओच्या शेजारी बसला होता.

चाळिशीचा असेल. काळासावळा, बुटका, खांदे रुंद, आणि नाक असं की आडनाव विचारायची गरज नव्हती. बादियाली नाक मधूनच डावीकडे वळतं. जाडंभरडं, बिनगुंड्यांचं काहीतरी घातलं होतं त्यानं; मला वाटलं, बेल्जियममध्ये अशी फॅशन असेल. त्यानं तोर्तेल्लीनीचे तीन वाडगे संपवले आणि प्रत्येक वाडगा तोंडाला लावून प्यायला. काटा शेजारी तसाच पडला होता. टोमॅटोच्या फोडी मात्र त्यानं एकेक करून ताटाच्या कडेला लावून ठेवल्या, विंचू बाजूला करावेत तशा.

“काय रे, आवडत नाहीत?” मफाल्दानं विचारलं.

त्यानं पोलेंताकडे बोट दाखवलं. “हे पिवळं कसं? राळ्याचं नाही?”

“मक्याचं आहे.”

“मका,” तो म्हणाला, जणू कुणाची ओळख करून दिली. मग चाखलं, आणि इतक्या मोठ्यानं हसला की चार खुर्च्यांपलीकडची माणसंही हसायला लागली. कशाला हसतोय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो आमचीच बोली बोलत होता, पण माझी पणजी बोलायची तशी. त्याहूनही जड. निम्मं मला कळत नव्हतं. मी त्याच्याजवळ थुंकीची नळी द्यायला गेलो तेव्हा त्यानं माझी बाही धरली आणि विचारलं, “पाणी कुठवर आहे?”

“पाणी? पाणी कसलं? मोठ्या पुरानंतर इथं पाणी आलेलं नाही. चर आहेत, पंप आहेत,” मी जरा ऐटीत म्हटलं. चर मीच बघतो ना.

“नाही आलं?”

“घोट्यालासुद्धा नाही.”

तो उठला. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि बोटानं माणसं मोजली. बायका मोजल्या, मुली मोजल्या, कडेवरची पोरं मोजली. परत आला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते आणि चेहरा आनंदानं नुसता फुलला होता. बसता बसता त्यानं नेरिओच्या डोक्यावरून हात फिरवला. मागून पुढे, मग मानेवर थोपटलं.

“आगाऊच आहे,” नेरिओ मला हळूच म्हणाला. “माझ्या अर्ध्या वयाचा, आणि मला गोंजारतोय.” पण त्यानं मान हलवली नाही. तो हात होता तोवर तसाच बसून राहिला.

थुंकीचा कार्यक्रम कॉफीनंतर झाला. डॉक्टरीणबाईंनी नळ्या माझ्याकडे दिल्या होत्या. कॉफीला काय झालं, तर त्या माणसानं कप नाकाशी नेला आणि शेजाऱ्याला देऊन टाकला. थुंकायला मात्र तो सगळ्यांत उत्साही. नळीवरच्या चिकटपट्टीवर ज्यानं त्यानं नाव लिहायचं होतं, क्रमांक मी घालत होतो. नेरिओ पाचवा. शेवटी मोजल्या तर तेरा नळ्या निघाल्या.

दोनदा मोजल्या. तेराच.

मफाल्दा म्हणाली, “पुरुषांची ताटंही तेराच लागली. तुझी यादी चुकली असेल.” माझी यादी चुकत नाही. पण पाच जण बाहेरून आलेले, त्यांच्याबरोबर एखादा चुलतभाऊ आयत्या वेळी आला असेल, असं मीही म्हटलं आणि तेरावा क्रमांक घातला. सगळे नाचत होते. माझं लक्ष तिकडे होतं, कबूल करतो.

निकाल ऑक्टोबरच्या शेवटी आला. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. माझ्या कचेरीत बसल्या, पण कोट काढला नाही.

“अकरा जणांची खूण एकच आहे,” त्या म्हणाल्या. “सख्खे, चुलत, पण सगळे एका बापाचे. पाच नंबर वेगळा.”

पाच म्हणजे नेरिओ.

“म्हणजे तो बादियाली नाही.”

“थांबा. तेरा नंबर त्या अकरांशी जुळत नाही. तो पाचशी जुळतो.” त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. “आणि मला हे समजत नाहीये. पाच आणि तेरा यांच्यात वीस-बावीस पिढ्यांचं अंतर दिसतं. दोन चुलत फांद्या असत्या तर दोघांतही पुढचे बदल दिसले असते. पाचमध्ये आहेत. तेरामध्ये एकही नाही. तुमच्या पाच नंबरची खूण मागे मागे नेत गेलं की जिथं पोचायला हवं, तिथं हा माणूस उभा आहे. ही फांदी नाही, लेआर्को, हा बुंधा आहे. कोण आहे तो? मला पुन्हा थुंकी हवी.”

“नळीतच गडबड झाली असेल.”

“तीनदा तपासली.”

मी दोनदा मोजणारा माणूस. तीनदा म्हटल्यावर कागद घडी करून खणात ठेवला.

त्या गेल्यावर मी गिरणीकडच्या बादियालींकडे गेलो. “तो नेरिओशेजारी बसलेला? तो बेल्जियमवाल्यांचा ना,” ते म्हणाले. बेल्जियमला फोन लावला. “तो? तो तूरीनचा. आम्हाला वाटलंच, तिकडचे लोक जरा तसेच असतात.” तूरीनवाले म्हणाले, “छे! तो साउरोच्या घरचा. साउरोच्या सुरीची धार बघून खूश झाला होता.” साउरो म्हणाला, “माझ्या घरचा? मला वाटलं बांधाकडचा, नेरिओचा कुणीतरी. काय नाक होतं रे त्याचं!” सगळ्यांनी त्याला पाहिला होता. सगळे त्याच्याबरोबर हसले होते. नाव कुणीच विचारलं नव्हतं, कारण आपल्याच आडनावाच्या माणसाला नाव विचारायचं म्हणजे त्याच्या फांदीचा अपमान. हे असलं आमच्याच गावात होऊ शकतं.

मी डॉक्टरीणबाईंना तेराव्या नळीच्या चिकटपट्टीचा फोटो पाठवायला सांगितलं. दुपारी आला. एक उभी रेघ, खाली त्रिकोण, वर आडवा फराटा. पेनाची शाई जरा फुटली होती, पेन कसं धरायचं ते माहीत नसल्यासारखी.

कचेरीचं दार लावलं आणि चौदाशे सतराचा दस्तऐवज काढून शेजारी ठेवला.

अकरा जणांच्या कोड्याचं उत्तर मात्र मला चर्चच्या जुन्या वहीत सापडलं. सोळाशे तीस सालच्या प्लेगमध्ये बादियालींत एकच पुरुष वाचला, चार वर्षांचा पोरगा. त्याच्या आईनं दुसरं लग्न केलं, बाहेरून आलेल्या एका मजुराशी, आणि वाटणी जाऊ नये म्हणून त्या मजुराची पाचही मुलं बादियाली म्हणून लिहिली गेली. त्या पोराचा वंश एकेकट्या मुलग्यानं पुढे सरकत नेरिओपर्यंत आला. पाचांचे झाले अकरा. ब्राझीलला गेलेल्या पणजोबांच्या बायकोवर तीन पिढ्या उगाच संशय घेतला लोकांनी. पणजोबा आले असतील मधूनच, कुणी पाहिलं नसेल.

नेरिओला सांगायला गेलो तर तो मधमाश्यांच्या पेट्या झाकत होता. मी सगळं सांगितलं. फावड्याची खूण दाखवली, आणि निकालाचा कागदही; त्याच्या खाली चर्चच्या वहीतला मजकूर मी उतरवून आणला होता. तो पेटीवर बसला.

“म्हणजे ओंडके ते अकरा,” तो म्हणाला.

“दिसतंय तसं.”

मग जे हसायला लागला! हसताना त्याला ठसका लागला, मी पाणी आणलं, पाणी पिऊन परत हसला. मग एकदम थांबला आणि स्वतःच्या मानेवर हात ठेवला.

“त्यानं मला थोपटलं, लेआर्को.”

“हो. मी पाहिलं.”

“माझ्या बापानं कधी थोपटलं नव्हतं. त्याला स्वतःलाच खात्री नव्हती ना, आपण कोण ते.” आणि तो रडला, उघड उघड, माश्यांच्या देखत. मलाही आवरलं नाही. नंतर डोळे पुसून त्यानं हात पुढे केला. “कागद दे.”

कागद त्याच्या खिशात गेला आणि पुढचे दहा-बारा दिवस आमच्या गावानं जे हाल सोसले ते विचारू नका. नेरिओ कुणाला काही सांगेना. नुसता शीळ घालत फिरायचा. साउरो माझ्याकडे सॉसेजची माळ घेऊन आला. “काय निघालं, एवढं तर सांग.” मी म्हटलं, नेरिओला विचार. नेरिओकडे त्यानं डुकराची अख्खी मांडी पाठवली, मीठ लावून मुरवलेली, दीड वर्षाची. नेरिओनं ती ठेवून घेतली आणि आभार मानले. बारमध्ये साउरोला तो म्हणाला, “पत्ते वाट रे, बादियाली.” साउरोच्या हातून पत्ते सांडले.

आणि घोर मलाही होता. त्याच्या मनात काय आहे ते मला सांगितलं नव्हतं. नियम जुना आहे आणि स्पष्ट आहे: बापाच्या रक्ताचा तोच. नेरिओनं कागद वाचून ‘एक तोंड’ असं ओरडून सांगितलं असतं तर मला एक लिहावं लागलं असतं. अकरा माणसं भर गावात बिनआडनावाची झाली असती, आणि त्यांतली गावातली सहा तर साठ वर्षं त्याला हसलेली.

दहा तारखेला मी जमीन मोजून घेतली. बादियालींच्या पट्ट्याच्या टोकाला नेरिओचा तुकडा आणि त्याच्या पलीकडे एक जागा आहे, पाणथळ, वेळूनं भरलेली, कोणालाच नको असलेली. दोहोंच्या मध्ये जुना चर. तो ओलांडताना माझा पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत बुडालो. मफाल्दानं घरी आल्यावर जे ऐकवलं ते ऐकवलंच.

सान मार्तिनोला सगळं गाव शेताच्या कडेला उभं होतं. चेस्टनट भाजायच्या कढया, नवी वाईन, बँड. मी गाडीवर चढून वही उघडली आणि एकेक आडनाव पुकारत गेलो.

“बादियाली! तोंडं किती?”

नेरिओ पुढे आला. बूट काढले, मोजे काढले, घडी करून बुटात ठेवले. थंड मातीवर उभा राहिला. मग खिशातून तो कागद काढला.

बँडवाले थांबले. साउरोचा चेहरा त्याच्याच दुकानातल्या चरबीसारखा झाला होता.

नेरिओनं कागद उलगडला. वाचला. पुन्हा घडी घातली.

“तेरा!” तो ओरडला.

मी वहीवरून मान वर केली. “नेरिओ, यादीत बारा आहेत.”

“मी काय म्हटलं? तेरा. जेवला तो मोजायचा.”

नियमाप्रमाणे मला विचारावंच लागलं. “बादियालींपैकी कुणाची हरकत?”

नेरिओनं कागद साउरोच्या हातात दिला. साउरोनं तो तिथंच वाचला, ओठ हलवत. एका जागी त्याचे ओठ थांबले. त्यानं मान वर करून नेरिओकडे पाहिलं, आणि इतका मोठा माणूस, पण मार खायच्या आधी लहान पोर बघतं तसा बघत होता.

“मोठ्यानं वाचायचंय,” नेरिओ हळूच म्हणाला, “की जेवायला जायचं?”

साउरोनं कागद चुरगळून चेस्टनटच्या विस्तवात टाकला. “हरकत नाही,” तो म्हणाला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आमचा म्हातारा तेरा म्हणतो तर तेरा! लिही, चिटणीस!” आणि नेरिओला उचलूनच घेतलं, अनवाणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या दहा जणांत कुणालाच नक्की काय झालं ते कळलं नव्हतं, पण सगळे ओरडत होते. मी तेरा लिहिलं. मला तेव्हा इतका आनंद झाला की अक्षर वाकडं आलं.

तेराव्या तोंडाला कुठली जमीन द्यायची? साउरोच म्हणाला, “ती पाणथळ देऊन टाका. तक्रार कोण करणार?” सगळे हसले. चिठ्ठ्या निघाल्या, वाईन निघाली, अंधार पडेपर्यंत नाच झाला. नेरिओ तीन बायकांबरोबर नाचला आणि चौथीच्या पायावर पडला.

बारा तारखेला सकाळी धुकं होतं. नेरिओ माझ्या दारात उभा. बूट हातात.

“फीत घे,” तो म्हणाला. “आणि खुरपं.”

“काय झालं?”

“तू चल.”

त्या पाणथळ जागेपाशी आलो तर आधी मला वास आला. ओल्या, नुकत्या उलटलेल्या मातीचा. वेळू कापून जुड्या बांधून ठेवलेले. उत्तरेला चर खणलेला, पूर्वेला, दक्षिणेला. सरळ, छातीएवढा खोल, कडा चोपलेल्या. पाणी त्यातून खळखळ नदीकडे चाललं होतं. जमीन कोरडी पडत होती.

मी फीत लावली. तिन्ही बाजूंना रुंदी एकसारखी. यंत्रानंसुद्धा इतकी येत नाही. आणि यंत्राच्या चाकाची खूण कुठेच नव्हती.

“एका रात्रीत हे वीस माणसं नाही करू शकत,” मी म्हटलं.

“ते सोड. ही बाजू बघ.”

चौथी बाजू. नेरिओच्या आणि त्या तुकड्याच्या मधली. परवा मी ज्यात कमरेपर्यंत बुडालो होतो तो चर.

तो नव्हता.

या तुकड्यापासून त्या तुकड्यापर्यंत सपाट गवत, दव पडलेलं. मी वहीतला नकाशा काढला. माझ्याच हातचा, दोनदा मोजलेला. नकाशात चर होता.

नेरिओनं बूट गवतावर ठेवले.

“बापलेकांत कशाला हवा चर?” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला त्याच्याकडे बघवेना. आणि तो चालत पलीकडे गेला, धुक्यात.

तिकडून त्याचा आवाज येत होता. तो बोलत होता, थांबत होता, हसत होता, पुन्हा बोलत होता.

भर घातलेली माती मला कळते. चाळीस वर्षं तेच केलंय. भुसभुशीत लागते, बोट सहज जातं, आणि तिच्यात जुनी मुळं नसतात. मी गुडघ्यावर बसलो आणि खुरप्यानं वीतभर खणलं. गवताची मुळं लागली. अजून वीतभर खणलं. मग खुरपं टाकून हातच घातला, कोपरापर्यंत. मुळं खालीच चालली होती.